फूटभर पट्टीत न मावणारी वेलांटी

प्रति,
मुख्याधिकारी साहेब, नगराध्यक्ष आणि सर्व नगरसेवक,
उत्तर गोव्यातली आमची नगरपालिका

विषय : बाजार संकुलातल्या गाळ्यांवरून उतरवलेले बोर्ड

सप्रेम नमस्कार,

शहराचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. तुम्हाला कळेलच. गोव्यात तेरा नगरपालिका आणि पणजीची एक महानगरपालिका आहे. बाकीच्यांपैकी कुणाला हे पत्र आपल्यालाच लिहिलंय असं वाटलं तर त्यांनीही खुशाल वाचावं.

मी संकुलाच्या मागच्या अंगाला, जिन्याखालच्या गाळ्यात बसणारा पेंटर. चतुर्थी झाल्यावरच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी पालिकेचा टेम्पो आला आणि दुपारी दुकानं बंद व्हायच्या आत तेवीस बोर्ड उतरवून घेऊन गेला. त्यातले सोळा माझ्या हातचे. उतरवायला आलेल्या पोरांवर माझा राग नाही. त्यांतल्या एकाच्या बापाच्या गाड्यावरचा बोर्डही मीच रंगवलेला. "पात्रांव, हांव कितें करूं? वयल्यान ऑर्डर आयल्या," (मालक, मी काय करू, वरून ऑर्डर आलीय) असं म्हणत त्यानं माझ्या बोर्डाचे स्क्रू मोजून माझ्या हातात ठेवले. स्क्रू माझ्याकडे, बोर्ड तुमच्याकडे.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्या मागच्या आवारात गेलो. कचऱ्याच्या गाड्या धुतात त्या नळाशेजारी बोर्डांची चळत लावली होती, वर ताडपत्रीसुद्धा नाही. परतीचा पाऊस अजून गेला नव्हता. सगळ्यात वर पूजेचं सामान विकणाऱ्या वहिनींचा बोर्ड. उतरवताना पत्रा भिंतीला घासला असावा, कारण 'साहित्य' मधल्या 'सा'वरचा पिवळा रंग खरवडून निघाला होता आणि त्याखालून निळा दिसत होता. निळा म्हणजे 'रेडिओ'तला 'डि'. वहिनींच्या आधी त्या गाळ्यात रेडिओ दुरुस्तीवाले बसायचे. जुनाच पत्रा घासून, रेड ऑक्साईडचा हात मारून मी त्यावर नवं नाव घातलं होतं. निळ्याच्याही खाली, जिथं पत्रा थोडा वाकला होता, तिथं लाल रंगाची एक कड होती. ती माझी नाही. ती माझ्या उस्तादांची. संकुल व्हायच्या आधी त्याच जागी पत्र्याच्या टपऱ्या होत्या, तेव्हाची.

उस्तादांबद्दल एवढंच सांगतो. १९६१ साली डिसेंबरात गोवा मुक्त झाला तेव्हा ते वीस-बावीस वर्षांचे होते. पोर्तुगीज अक्षरांवर चुना फासून त्याच पाट्यांवर देवनागरी काढायचं काम त्यांना इतकं आलं की जेवायला फुरसत नव्हती. पुढं गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही यावर १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला, त्याआधी त्यांनी विलीनीकरणवाल्यांची फुलाची निशाणी रंगवली आणि विलीनीकरण नको म्हणणाऱ्यांची दोन पानांचीही रंगवली. कधी कधी एकाच भिंतीच्या दोन बाजूंना. मत कुणाला दिलं ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. मला मात्र एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात शिकवली आणि हे सगळं पत्र तिच्यावरच उभं आहे. ते म्हणायचे, आधी वर आणि खाली जागा सोड, मग अक्षर काढ.

आता ज्या नोटिशीपायी तुम्ही बोर्ड उतरवलेत तिच्याकडे येतो. नोटिशीत तीन गोष्टी आहेत. एक, वाटेत पुढं आलेले बोर्ड. दोन, वीज जोडलेले पण परवानगी नसलेले बोर्ड. तीन, ०.३० मीटरपेक्षा उंच असलेले बोर्ड.

पहिल्या दोन गोष्टींत तुमचं बरोबर आहे आणि मी गुन्हेगार आहे. माझ्याच गाळ्याचा दोन्ही बाजूंनी रंगवलेला बोर्ड पॅसेजमध्ये अडीच फूट पुढं आला होता. उंच माणसाचं डोकं लागायचं, दोन वेळा लागलंही. एका जूनमध्ये पहिल्या वाऱ्यात माझ्या मुलाच्या मशीनवर छापलेला एक फ्लेक्स फ्रेमसकट खाली आला आणि एका स्कूटरचा आरसा गेला. आरशाचे पैसे मी भरले. स्कूटरवर कुणी बसलेलं नव्हतं, हे नशीब. १३ मे २०२४ ला घाटकोपरच्या पेट्रोल पंपावर प्रचंड होर्डिंग कोसळून सतरा माणसं गेली. चाळीस फुटांची मर्यादा असताना तो सांगाडा एकशेवीस फुटांचा होता. तेव्हापासून लोखंडी फ्रेम दिसली की मीही आधी तिचे बोल्ट बघतो. सांगाडे तपासा, वायरी तपासा, पुढं आलेलं मागं घ्यायला लावा. माझा बोर्ड परत मिळाला तर मी तो भिंतीला चिकटवून लावीन.

(वाढदिवसाच्या शुभेच्छांचे बॅनर कुणाला दिसत नाहीत का, असं मला सगळ्यांनी या पत्रात लिहायला सांगितलं होतं. पण त्यातले निम्मे माझ्याच गाळ्यात छापले जातात, त्यामुळे त्यावर मी काही बोलत नाही.)

माझं भांडण तिसऱ्या गोष्टीशी आहे. उतरवलेल्या तेवीस बोर्डांपैकी सतरा फक्त उंचीपायी उतरले. तीस सेंटिमीटर म्हणजे आमच्या भाषेत एक फूट. आता एक फूट उंच पत्रा घ्या. कडेला दीड-दीड इंच सोडायलाच हवा, नाहीतर अक्षर फ्रेममध्ये अडकल्यासारखं दिसतं. उरले नऊ इंच. या नऊ इंचांत इंग्रजीत औषधांचं दुकान असं लिहायचं झालं, तर मोठ्या लिपीतली सगळी अक्षरं एका उंचीची. डोक्यावर काही नाही, पायाखाली काही नाही. नऊ इंच जागा, नऊ इंच अक्षर. लहान लिपीतली अक्षरं वरखाली जातात हे खरं, पण दुकानावर लहान लिपी लिहितो कोण?

आता त्याच नऊ इंचांत 'मूर्ती' लिहा. 'मू'चा दीर्घ उकार खाली उतरतो. 'र्ती'ची वेलांटी शिरोरेषेच्या वर जाते आणि तिच्या शेंड्याशी रफार बसतो. वर दोन इंच सोडा, खाली दोन इंच सोडा, अक्षराच्या अंगाला उरतात पाच. 'सिद्धी' लिहा, 'द्ध' पोटात पोट घालून खाली सरकतो. फार लांब कशाला, तुमची ती एक फुटाची 'पट्टी' लिहून बघा. एक 'ट' दुसऱ्या 'ट'च्या डोक्यावर, वर वेलांटी. पट्टी हा शब्दच तुमच्या पट्टीत धड मावत नाही.

उस्तादांचा हिशोब होता, इंचाला दहा फूट. एक इंचाचं अक्षर दहा फुटांवरून न अडखळता वाचता यायला हवं. म्हणजे नऊ इंची इंग्रजी नव्वद फुटांवरून वाचता येतं आणि पाच इंची मराठी किंवा कोंकणी पन्नास फुटांवरून. आमच्या संकुलासमोर पायलट स्टँड, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाल्यांचा थांबा आहे, पावलांनी मोजलं तर साधारण ऐंशी फुटांवर. कदंबाच्या बसमधून उतरलेला माणूस तिथंच उभा राहून इकडं बघतो. तिथून एका फुटाचा इंग्रजी बोर्ड वाचता येतो, एका फुटाचा मराठी बोर्ड म्हणजे नुसती आडवी रेघ दिसते आणि तिला खालून काहीतरी लोंबतंय असं वाटतं. आणि बहुतेक दुकानदारांना एकच ओळ नको असते. वर मराठी किंवा कोंकणी, खाली इंग्रजी, कोपऱ्यात गाळा नंबर. एका फुटात या दोन ओळी घातल्या की देवनागरी अक्षर अडीच इंचांवर येतं. पूजेच्या दुकानवाल्या वहिनी मला म्हणाल्या, "भाऊ, हे तर औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर झालं. माझी गिऱ्हाइकं साठीच्या पुढची, त्यांनी काय भिंग घेऊन यायचं?"

हा एक फूट आला कुठून, हे मला शोधावंसं वाटलं. दहा रुपये भरून माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. कायद्यातली तीस दिवसांची मुदत संपायच्या दोन दिवस आधी उत्तर आलं, त्याबद्दल तुमच्या माहिती अधिकाऱ्यांचे मनापासून आभार, हे टोमण्यानं म्हणत नाही. उत्तराला एक झेरॉक्स जोडलेली होती, संकुल बांधलं तेव्हाच्या नकाशाची. त्यात शटरचा लिंटल आणि वरचा छज्जा यांच्यामध्ये एक पट्टा दाखवलाय आणि त्याची उंची ३० सेंटिमीटर लिहिलीय. पट्ट्यात नमुन्यादाखल दुकानाचं नाव घातलंय, इंग्रजी मोठ्या अक्षरांत. ठराव नाही, उपविधी नाही, कुणी बसून विचार केल्याचा कागद नाही. एका ड्राफ्ट्समननं टी-स्क्वेअर सरकवून दोन रेघा मारल्या, मध्ये हाताला सोपी अक्षरं काढली, आणि इतक्या वर्षांनी त्या दोन रेघांची नोटीस झाली.

मग मी शिडी घेऊन लिंटलपासून छज्ज्यापर्यंत प्रत्यक्ष मोजलं. चार गाळ्यांवर चार ठिकाणी. एकवीस इंच, एकवीस, पाऊण इंच कमी एकवीस, एकवीस. तुमच्या भाषेत ५३ सेंटिमीटर. नकाशात तीस, भिंतीवर त्रेपन्न. बांधणाऱ्यानं जागा सोडलेली आहे, तुम्ही ती मोजायला आला नाहीत. अठरा इंची बोर्ड तिथं लावला तरी वर दीड इंच आणि खाली दीड इंच भिंत मोकळी राहते. संकुलाचं रूप बिघडतं म्हणता, तर बिघडायला तो बोर्ड त्या पट्ट्याच्या बाहेर जायला तरी हवा.

आणखी एक कागद माझ्याकडे आहे. माझाच नव्हे, गाळ्यागाळ्यात आहे. ट्रेड लायसन्स नव्याने घेताना बोर्डाचे पैसे वेगळे भरावे लागतात आणि पावतीवर बोर्डाचं क्षेत्रफळ लिहिलेलं असतं. वहिनींच्या पावत्या मी बघितल्या. अठरा इंच उंच, सात फूट लांब, त्याचं चौरस मीटरमध्ये गणित करून अकरा वर्षं पैसे घेतलेत, दर वर्षी त्याच मापाचे. मोजणारा निरीक्षक तुमचा, पावतीवर शिक्का तुमचा. अकरा वर्षं जो बोर्ड करपात्र होता तो एका सोमवारी बेकायदेशीर कसा झाला? भाडं घेणारे तुम्हीच, कर घेणारे तुम्हीच, नोटीस काढणारे तुम्हीच. या तीन टेबलांवरची माणसं निदान चहाला तरी एकत्र बसत असतील.

नोटिशीत भाषेचा कुठं उल्लेख नाही, मग हा भाषेचा प्रश्न कसा, असं तुमच्यापैकी एकजण मला म्हणाले. बरोबर आहे, उल्लेख नाहीच. अकोला जिल्ह्यातल्या पातूरला नगर परिषदेच्या इमारतीवरच्या पाटीवर मराठीखाली उर्दू होतं, ते काढा म्हणून वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १५ एप्रिल २०२५ च्या निकालानं उर्दू राहिली. न्यायालयानं सांगितलं की भाषा आणि धर्म या वेगळ्या गोष्टी आहेत. तिथं निदान कुणीतरी तोंडानं म्हणालं होतं, अमुक भाषा नको. लढायला समोर माणूस होता. इथं कुणीच काही म्हणत नाही. फक्त टेप लागतो, आणि टेप लागल्यावर लोक काय करतात ते मी गल्ल्यावर बसून बघतोय. बोर्ड गेलेल्यांपैकी नऊजण आतापर्यंत नवा एक फुटी बोर्ड करायला माझ्याकडे आले. त्यांतले सातजण म्हणाले, इंग्रजीतच घाला, मोठं दिसतं. यात मराठी शाळेचे माजी विद्यार्थी आहेत, राजभाषेच्या मोर्चात चाललेले आहेत. मी त्यांना दोष देत नाही. गिऱ्हाइकाला दिसायला हवं. मशीन मुलाचं आहे, तो म्हणतो, बाबा, काम आलंय ते करूया. करतोय.

गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यानं कोंकणी राजभाषा केली आणि मराठीचा सरकारी वापर राखला. त्या कायद्यातली कोंकणीही देवनागरीतली. (रोमी, म्हणजे रोमन लिपीत कोंकणी लिहिणाऱ्यांचं गाऱ्हाणं मला माहीत आहे. त्यांच्याही पाट्या मी रंगवतो. तो वाद जिन्याखाली बसून सुटणार नाही.) कोंकणी की मराठी यावर आमच्या संकुलात रोज दुपारी चहाबरोबर भांडण होतं आणि होत राहील. पण उकार आणि वेलांटी दोघींनाही आहे. तुमची पट्टी त्या बाबतीत अगदी निःपक्षपाती आहे, दोघींचीही डोकी सारखीच उडवते. शेजारी महाराष्ट्रात २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली की पाटीवरची मराठी अक्षरं इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. ती बातमी वाचून मी पेंटरच्या डोक्यानं पहिल्यांदा हेच विचारलं होतं, अक्षर मोजायचं कुठून कुठपर्यंत? वेलांटीपासून उकारापर्यंत मोजलं तर मराठी मोठी भरते आणि दिसते लहानच. मोजायचं असेल तर शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजा. माझ्या धंद्यात शिरोरेषा हीच जमीन, फक्त ती वर असते.

आतल्या गाळ्यांबद्दल दोन ओळी. रस्त्याकडे तोंड असलेले गाळे सोडले तर बाकीचे चौकात आणि पहिल्या मजल्यावर. त्यांनी जिन्याच्या तोंडाशी लावलेल्या छोट्या बाणाच्या पाट्या तुम्ही जाहिरात म्हणून काढल्या. घड्याळवाले बाब वर बसतात, त्यांच्या पाटीवर होतं, 'घड्याळ दुरुस्ती, वर, डावीकडे'. यात जाहिरात कुठली? हा पत्ता आहे. ती पाटी गेल्यापासून माझ्या गाळ्यात दिवसाला दहाजण बंद पडलेलं घड्याळ घेऊन येतात आणि मी ब्रशनं वर बोट दाखवतो. प्रत्येकाचा वेगळा बाण नको असेल तर तिन्ही जिन्यांशी एकेक मोठा फलक लावा, गाळा नंबर आणि नाव, एकाच अक्षरात. इस्पितळात असतो तसा.

व्यापारी बांधवांनाही सांगतो, हे पत्र तुम्हीही वाचणार आहात. शेजाऱ्याचा बोर्ड झाकावा म्हणून आपला चार बोटं पुढं काढायची सुरुवात पालिकेनं नाही केली. 'थोडा मोठा कर, त्याच्यापेक्षा मोठा' असं मला किती जणांनी सांगितलंय आणि मी पैसे घेऊन केलंय. एकानं पुढं काढला की दुसऱ्यानं काढायचा, मग तिसऱ्यानं दिवे लावायचे. अठरा इंच मिळाले तर साडेअठरा करून मागू नका. मागितलेत तर मी करणार नाही, माझा मुलगाही करणार नाही, तशी त्याच्याशी बोली झालीय.

तर मागणं असं. बोर्ड आधी छपराखाली घ्या. झिंकचा पत्रा असला तरी घासलेल्या जागी गंज धरतो, आणि त्या चळतीत नुसतं सामान नाही, या बाजाराचं जुनं नाव-गाव आहे. येत्या मंडळाच्या बैठकीत तीस सेंटिमीटरच्या जागी भिंतीवरचा खरा पट्टा मोजून पंचेचाळीस करा, आणि ठराव कागदावर आणा, म्हणजे पुढच्या निरीक्षकाला नकाशा शोधत बसावं लागणार नाही. अक्षरं सुटी भिंतीवर लावली तर मधली भिंत मोजायची की नाही, दोन तोंडांचा बोर्ड एकदा मोजायचा की दोनदा, हेही त्यातच लिहा. आज हे निरीक्षकागणिक बदलतं. ज्यांनी पैसे भरलेत त्यांच्याकडून दंड घेऊ नका. बाकी जिन्याचे फलक, त्याचं सांगितलंच.

हे सगळं कागदावर वाचून पटणार नाही याची मला कल्पना आहे. म्हणून मी दोन नमुने करून ठेवलेत. दोन्हींवर एकच नाव, 'मूर्ती आणि पूजा साहित्य', एकाच पिवळ्यावर एकाच लाल रंगात. एक बारा इंची, एक अठरा इंची. माझ्या गाळ्याबाहेर उभे करून ठेवण्यात अर्थ नाही, तिथून पायलट स्टँड दिसत नाही, म्हणून पुढच्या मोबाइलवाल्याला सांगून त्याच्या शटरवर दोन खिळे मारून घेतलेत. शटर खाली असतं तेव्हाच टांगता येतात, म्हणजे दुपारी एक ते चार. तुमची जेवायची वेळ आहे, माहीत आहे, पण त्या वेळी पायलट स्टँडवर उभं राहून एकदा बघा. मुख्याधिकारी साहेब, तुम्ही चष्मा लावता, तो काढून बघा. आणि येताना टेप घेऊन या. माझी लाकडी फूटपट्टी वहिनींच्या बोर्डावर ठेवलेली होती, ती तुमच्या माणसांनी बोर्डाबरोबर नेली. पंचनाम्यात तिची नोंद नाही.

आपल्याच गाळ्यातला भाडेकरू,
जिन्याखालचा पेंटर